निवांत डोंगरवाट : विष्णुपुरीकरांसाठी नियमावली

डोंगर बघायचे म्हटलं की विष्णुपुरीचा माणूस आधी मनालीचं तिकीट बघतो, मग महाबळेश्वरचं हॉटेल बघतो, मग बँकेचं पासबुक बघतो आणि शेवटी माहूरला जातो. प्रस्तुत नियमावली पासबुक बघून झालेल्यांसाठी आहे.

प्रथम समिती नेमावी. विद्यापीठ, अभियांत्रिकी महाविद्यालय आणि वैद्यकीय महाविद्यालय अशी तिन्ही संस्थानं विष्णुपुरीत नांदतात. त्यामुळे इथे सहल ठरत नाही, मंजूर होते. प्राध्यापकांनी इतिवृत्त लिहावं, इंजिनिअरने डिझेलचा हिशेब चार दशांश स्थळांपर्यंत काढावा आणि डॉक्टरांनी ऐनवेळी ड्युटी लागल्याचं कळवावं. त्यांच्या सीटची चिंता नसावी. ती भरायला कुणाचा तरी मेव्हणा आलेलाच असतो.

तारीख हा सगळ्यात अवघड घाट. श्रावणात निम्म्या मंडळींचे उपास. मग पोळा. मग महालक्ष्म्या, म्हणजे तीन दिवस घरातल्या बायका उंबऱ्याबाहेर पडणार नाहीत आणि सोळा भाज्या चिरताना सहलीचं नाव काढणाऱ्याची खैर नाही. मग पितृपक्ष. नवरात्रात माहूरच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते, आणि तोवर शेतात सोयाबीन काढणीला येतं. एवढं वजा करून, पंचांग आड आलं नाही तर, १७ सप्टेंबर उरतो : मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. १९९४ साली आपलं विद्यापीठही याच तारखेला स्थापन झालं, म्हणजे झेंडावंदन चुकवता येत नाही. झेंडावंदन करून निघावं. पाऊस सरत आलेला असतो, डोंगर हिरवे असतात, आणि इस्त्रीचे कपडे घालून डोंगरात जाण्याची आपली जुनी परंपराही त्यात सांभाळली जाते.

आता रस्ता. अर्धापूर, हदगाव, उमरखेडवरून जाणारी वाट सरळ आणि लवकर पोचवणारी आहे, म्हणून निवांत प्रवाशाला ती वर्ज्य. भोकर, हिमायतनगर, इस्लापूर, किनवट अशी लांबची वाट धरावी. मोबाईलमधली बाई मध्येच डावीकडे वळायला सांगेल. तो शिवरस्ता असतो, काळ्या मातीचा, आणि पाऊस पडून गेल्यावर त्यातून गाडी फक्त ट्रॅक्टरच्या मागे बांधूनच बाहेर येते. डोंगरातला रस्ता विचारायचाच असेल तर माहूरच्या बाईला विचारावा. १६६१ साली कारतलबखान फौज घेऊन उंबरखिंडीत शिरला आणि महाराजांच्या मावळ्यांनी त्याला दोन्हीकडून कोंडलं, तेव्हा त्याच्यासोबत माहूरची रायबागन होती. या रानात शिरलात हेच चुकलं, आता शरण जा, असं तिने खानाला सुनावल्याचं शिवभारतात आहे. खानाने ऐकलं, म्हणून जिवानिशी परतला. गाडी चालवणाऱ्या पुरुषांनी मागच्या सीटवरून येणारा सल्ला याच आदराने घ्यावा.

शिदोरीत धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी असावी. धपाटे किनवटच्या सागाखाली बसून खायचे, असं ठरवावं. ते भोकरच्या आतच संपतात. यावर उपाय सापडलेला नाही.

याहून मोठा धोका सोयऱ्यांचा. या वाटेवर असा एकही फाटा नाही जिथे कुणाची आत्या दिलेली नाही. ‘नुसता चहा घेऊन जा’ या निमंत्रणात पिठलं, भाकरी, ठेचा, वर शिरा आणि दुपारची एक झोप धरलेली असते. फोन बंद ठेवावेत. एवढं करूनही आत्याला कळतंच, कारण मेव्हण्याने गाडीतला फोटो स्टेटसला टाकलेला असतो.

इस्लापूरजवळ पैनगंगेवर सहस्रकुंड आहे. इथे नदीच जिल्ह्यांची हद्द : अलीकडे नांदेड, पलीकडे यवतमाळ, आणि धबधबा कुठल्या काठावरून चांगला दिसतो यावर दोन्हीकडे ठाम मतं आहेत. जाण्यापूर्वी फोन करून पाण्याची चौकशी करू नये. ‘लई पाणी हाय, या तुम्ही’ याखेरीज दुसरं उत्तर आजवर कुणाला मिळालेलं नाही. वरच्या अंगाला इसापूरचं धरण आहे, त्यामुळे पाऊस आणि धरण दोघांचीही मर्जी लागते. दोघं रुसले तर नुसता काळा कातळ बघावा. तोही बघण्यासारखाच आहे. पाणी असेल तेव्हा मात्र त्या कातळावर शेवाळ असतं, आणि सेल्फीसाठी एक पाऊल पुढे जाण्याची हौस काठावरच ठेवावी. हे वाक्य विनोदाने लिहिलेलं नाही.

किनवटकडे सागाचं रान लागतं. गाडी थांबवून इंजिन बंद करावं. गाणी तर बंद करावीतच. लेकरांना सागाचं कोवळं पान तळहातावर चोळायला सांगावं. हात कुंकवासारखा लाल होतो. तो हात पुढे सीट कव्हरला पुसला जातो, म्हणून ही करामत शक्यतो भाड्याच्या गाडीतच करावी.

माहूरला पोचेपर्यंत दिवस कलतो. इथे आपली मंडळी जे करतात ते कुठल्याही नियमात बसत नाही. रेणुकामातेचं दर्शन, खलबत्त्यात कुटलेला तांबूल, दत्तशिखर, अनसूया, किल्ला बाहेरूनच, आणि ‘उद्या ड्युटी आहे’ म्हणत अंधारात घाट उतरून परत. खुद्द दत्तात्रेयांचा दिनक्रम परंपरेने सांगितला आहे : स्नान काशीला, भिक्षा कोल्हापूरला, निद्रा माहूरला. एवढी धावपळ रोजची असणाऱ्या देवानेसुद्धा झोपायला हाच डोंगर निवडला, आणि आपण तिथून रात्री गाडी हाकत विष्णुपुरीला येऊन झोपतो!

तेव्हा हात जोडून विनंती आहे : सहस्रकुंड हुकलं तरी चालेल, पण माहूरचा मुक्काम हुकवू नका. सकाळी दत्तशिखरावरून खाली बघा, दरीत धुकं असतं. खोलीचं मात्र आधी सांगून ठेवा. पौर्णिमेला ती मिळत नाही.