उजवी वामकुक्षी

वामकुक्षी हा शब्द आपण वापरून वापरून इतका गुळगुळीत केला आहे, की त्यात डावी कूस दडलेली आहे हे ती दुखेपर्यंत लक्षात येत नाही. मला ते श्रावणातल्या एका रविवारी लक्षात आलं. पुरणपोळी, तिच्यावर तुपाची धार आणि मग रीतीप्रमाणे डाव्या कुशीवर. पाच मिनिटांत खुब्याच्या बाहेरच्या बाजूला कुणीतरी अंगठा दाबून धरल्यासारखं झालं. गादीखाली नातवाची मोटार राहिली असेल म्हणून उठून पाहिलं. नव्हती. उताणी झाले, बरं वाटलं. पुन्हा डावीकडे वळले, पुन्हा अंगठा.

मग रात्रीही तेच सुरू झालं. जिना चढताना कळ, खुर्चीतून उठल्यावर पहिली चार पावलं लंगडत. पाचव्या पावलाला मी पुन्हा धडधाकट, त्यामुळे घरात कुणाचा विश्वास बसेना.

आमच्या इमारतीत पाणी मोजून येतं, वैद्यकीय सल्ला मात्र चोवीस तास. तळमजल्यावरच्या वहिनी सायटिका म्हणाल्या, तिसऱ्या मजल्यावरचे काका वातावर ठाम राहिले आणि भाजीवालीने मेथीबरोबर निरगुडीच्या पाल्याची शिफारस केली. नवऱ्याने सगळ्यात स्वस्त निदान केलं, "अगं, वय झालं." तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा आहे हे सांगितल्यावर त्याने ते मागे घेतलं.

डॉक्टरांनी काय होतंय ते विचारलंच नाही. म्हणाले, "कुठे दुखतं ते एका बोटाने दाखवा." मी बोट ठेवलं. "जांघेत दुखतं? वाकून सँडलचा पट्टा लावता येतो? पोटरीपर्यंत मुंग्या येतात?" जांघ आणि पट्टा खुद्द सांध्याच्या चौकशीसाठी, मुंग्या पाठीच्या कण्यासाठी, हे नंतर कळलं. माझं दुखणं या दोघांच्या हद्दीबाहेरचं होतं. मग त्यांनी मी दाखवलेल्या जागी स्वतःचं बोट दाबलं आणि दवाखान्यात उच्चारू नये असा एक शब्द माझ्या तोंडून गेला. "सापडलं," ते म्हणाले. "ट्रोकँटेरिक बर्सायटिस."

मांडीच्या हाडाला वर, बाहेरच्या अंगाला एक उंचवटा असतो. तोच कुशीवर झोपल्यावर गादीला टेकतो. हाड आणि त्यावरून सरकणारे स्नायू एकमेकांना घासू नयेत म्हणून मध्ये बुळबुळीत द्रव असलेली एक चपटी पिशवी असते, तिचं नाव बर्सा. शरीरात अशा दीडशेच्या आसपास पिशव्या आहेत. बर्सा म्हणजे लॅटिनमध्ये थैली. इंग्रजी पर्स तिच्यातूनच निघाली. माझी आजी कमरेला बटवा खोचायची, त्यात सुपारी, अडकित्ता आणि आम्हाला न दिसणारी नाणी असत. माझ्याही कमरेला जन्मापासून बटवा आहे आणि तो सुजलाय, हे ऐकून मला उगाचच घरंदाज वाटलं.

ते फार टिकलं नाही. घरी येऊन वाचलं, तर बटवा बिचारा बराचसा निर्दोष निघाला. 2013 साली अमेरिकेत 877 जणांच्या दुखऱ्या खुब्यांच्या सोनोग्राफीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुजलेली पिशवी जेमतेम पाचांतल्या एकाकडे सापडली. जास्त वेळा बिघडलेले होते ते टेंडन, म्हणजे नितंबाचे स्नायू त्या उंचवट्याला बांधणाऱ्या दोऱ्या. म्हणून आता या दुखण्याला ग्रेटर ट्रोकँटेरिक पेन सिंड्रोम असं भारदस्त नाव आहे. चाळिशी ओलांडलेल्या बायकांवर त्याचा विशेष लोभ. नाव लांबल्याने कळ कमी होत नाही, पण उपचार बदलतो. पिशवी सुजली असेल तर औषधाने ओसरेल. दोरी कमजोर झाली असेल तर ती पुन्हा मजबूत करावी लागते, आणि ते काम डॉक्टर आपल्या वतीने करू शकत नाहीत.

फिजिओथेरपिस्ट मुलगी माझ्या भाचीच्या वयाची. पहिल्याच दिवशी म्हणाली, "काकू, एका पायावर उभ्या राहा." आयुष्यभर मी प्रत्येक गोष्टीला एका पायावर तयार असायची. भिशी, सहल, हळदीकुंकू, कुणाचाही मुलगी बघण्याचा कार्यक्रम. आता खरोखर एका पायावर उभं राहायची वेळ आली, तर तीस सेकंद पुरी व्हायच्या आत खुबा बोंबलला आणि कंबर दुसऱ्या बाजूला कलली. त्या कलण्याला 1895 सालापासून ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन सर्जनचं नाव आहे, म्हणे. माझ्या कमरेवर जर्मन मालकी लागलेली पाहून बटव्याचं उरलंसुरलं घरंदाजपणही गेलं.

मग तिने माझ्या सवयींची झडती घेतली. ओट्याशी एका पायावर भार टाकून, एक कंबर बाहेर काढून उभी राहते का? राहते, पोळ्या लाटायची दुसरी पद्धत मला ठाऊक नाही. नातवाला कडेवर घेते का? अर्थात, आणि नेहमी डाव्याच, कारण उजव्या हाताने वरणाला फोडणी द्यायची असते. पायावर पाय टाकून बसते का? इथे मात्र मी हबकले. "मोठ्यांसमोर पायावर पाय टाकून बसू नये," हे आजी दिवसातून दोनदा सांगायची, आणि ती गेल्यावर मी ते स्वातंत्र्य मनसोक्त उपभोगलं होतं. या तिन्ही प्रकारांत मांडी आतल्या बाजूला झुकते आणि ती दोरी हाडाच्या उंचवट्यावर ताणून दाबली जाते. म्हणूनच पाय आडवा ओढून कूस ताणायचा जो व्यायाम शेजारच्या वहिनींनी शिकवला होता, तोही बंद. ताणलं की मोकळं होतं, हे इथे लागू नाही.

"मग उभं कसं राहायचं?" मी विचारलं. तिने करून दाखवलं. पाय सरळ, भार दोन्हींवर सारखा. मला पंढरपूरचा विठोबा आठवला. विटेवर समचरण, हात कमरेवर. मुरली वाजवणारा कृष्ण मात्र पायावर पाय घालून, कंबर वाकवून उभा असतो. देखणा दिसतो, पण ओट्याशी तीस वर्षं तसं उभं राहून बघावं. आता कुकरच्या शिट्ट्या मोजताना मी विठोबा होते.

इंजेक्शनचा पर्यायही होता. 2018 साली 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातल्या 204 रुग्णांचा अभ्यास आला. एका गटाला असं सवयींचं शिक्षण आणि व्यायाम, दुसऱ्याला स्टेरॉइडचं एक इंजेक्शन, तिसऱ्याला नुसतं थांबून पाहणं. आठ आठवड्यांनी पहिल्या गटातले सुमारे 77 टक्के लोक बरं वाटतंय म्हणाले, दुसऱ्यातले 58 आणि तिसऱ्यातले 29. वर्षाने हेच आकडे 79, 58 आणि 52. नवऱ्याने शेवटच्या आकड्यावर बोट ठेवलं. "म्हणजे काहीही न करता निम्मे बरे होतात!" आळसाच्या बाजूने इतका भक्कम पुरावा त्याच्या हाती प्रथमच आला होता. मी व्यायाम निवडला, त्यात त्याला गप्प करण्याचा भाग बराच होता.

व्यायाम कंटाळवाणे आहेत. उताणं झोपून गुडघे दुमडायचे आणि कंबर उचलायची, भिंतीला धरून खेकड्यासारखं बाजूला चालायचं, खुर्चीतून हात न टेकता उठायचं. पहिले तीन आठवडे काहीच झालं नाही. चौथ्यात एका सकाळी कळलं, की रात्री जाग आली नव्हती. आज चौथा महिना आहे. तीन मजले न थांबता चढते, मात्र नातू स्वतःच्या पायांनी चढतो. त्याला हे अजून मान्य नाही. (पडल्यानंतर दुखत असेल, ताप असेल, जागा लाल होऊन गरम लागत असेल, तर माझं काही ऐकू नका, डॉक्टर गाठा.)

दुपारी मी आता उजव्या कुशीवर झोपते. पण नुसती कूस बदलून भागत नाही. वरचा डावा पाय पुढे घसरून गादीवर पडला, की दोरी पुन्हा हाडावर ताणली जाते. म्हणून गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत मध्ये उशी लागते, आणि तीही चांगली जाड. घरात उशा चार. दोन डोक्यांखाली, एक माझ्या पायांत, चौथी नातवाने फोडली. तेव्हा मुक्कामाला जरूर या, पुरणपोळी करीन. येताना आपापली उशी आणा.