कॅलरीराव

मावळात पहिला पाऊस पडला की दोन गोष्टी आपोआप उगवतात. रस्त्याकडेला टाकळा आणि रविवारी सकाळी खेळाडू. टाकळ्याची निदान भाजी होते. खेळाडू स्वतःच भजी खायला निघतो.

तळेगावपासून लोणावळ्यापर्यंत कुठल्याही सोसायटीत हाक मारा, एक तरी कॅलरीराव ओ देईल. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, वजन ८० किलो. तेही सकाळी, उपाशीपोटी, चष्मा काढून. मनगटावर हे भलं मोठं घड्याळ. मात्र किती वाजले म्हणून विचारलंत, तर खिशातून मोबाइल काढून सांगणार. घड्याळ वेळ बघायला नाहीच, ते कॅलरी बघायला आहे.

आमचे कॅलरीराव दर रविवारी टर्फवर बॉक्स क्रिकेट खेळतात. एक वाइड टाकतात, दुसरा वाइड टाकतात आणि मग खेळ थांबवून ओरडतात, "एकशे बेचाळीस!" नवख्याला वाटतं, धावसंख्या झाली. ते नाडीचे ठोके असतात.

मागच्या रविवारी ते रनआउट झाले. निदान आम्हा उरलेल्यांचं तसं मत होतं. त्यावर ते क्रीजमध्ये उभे राहून आठ मिनिटं भांडले. तोंड लाल, ठोके दीडशेवर. घड्याळाने तो सगळा वेळ व्यायामात धरला. संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडला : '६११ कॅलरी! तुम्ही किती?'

घड्याळाचा तरी काय दोष? त्याला बिचाऱ्याला कळतात ते नाडीचे ठोके आणि मनगटाची हालचाल. धाव काढून माणूस खुर्चीत टेकला तरी ठोके लगेच उतरत नाहीत. माणूस पाणी पीत बसलेला आणि घड्याळ मात्र त्याला पळवतंय. सिग्नलला उभ्या रिक्षाचा मीटर चालू राहतो, तसलाच हा प्रकार. पळ-थांब, पळ-थांब असल्या खेळात हा वेटिंग चार्ज फार चढतो.

एकदा मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. निवांत बसलेला माणूस किलोमागे तासाला साधारण १ कॅलरी खर्च करतो. त्याला म्हणतात १ मेट. कुठल्या कामाला किती मेट लागतात, याचा तक्ता अमेरिकेतल्या संशोधकांनी १९९३ साली पहिल्यांदा छापला. पुढे २०११च्या सुधारित तक्त्यात क्रिकेटला ४.८ मेट दिले आहेत. आता ८० किलो गुणिले ४.८, म्हणजे तासाला ३८४. पण हा भाव खेळणाऱ्याचा. कॅलरीराव निम्मा तास प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून आपली बॅटिंग येण्याची वाट बघतात. म्हणजे खेळण्याचे १९२, बसण्याचे ४०. झाले २३२. त्यातून ८० वजा करा, कारण तेवढे त्यांनी घरी गादीवर लोळूनही खर्च केले असते. उरले १५२.

कागद पुढे सरकवला. वर हेही सांगितलं की २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाने मनगटावरची सात यंत्रं तपासली. ठोके बहुतेकांनी बरोबर मोजले, पण कॅलरीत सगळ्यात बऱ्या यंत्राची चूक २७ टक्के आणि सगळ्यात वाईटाची ९३.

कॅलरीराव क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "चूक जास्तीचीच असते असं कुणी सांगितलं? कमीही दाखवत असेल!" आणि आणखी एक प्लेट कांदाभजी मागवली.

लोहगडावरही तीच तऱ्हा. आम्ही मळवलीला लोकलने उतरून चालत येतो, हे गाडीने थेट लोहगडवाडीत. पुढे गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. चार दरवाजे, चार मुक्काम आणि चाळीस फोटो. घड्याळ एकदाही थांबवत नाहीत. विचारलं तर म्हणतात, "विश्रांती हा ट्रेनिंगचाच भाग असतो."

स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं आणि योगाला प्रयोगशाळेत नेलं. तिथे माणूस आसनात स्थिर आणि यंत्रं कामात. ती परंपरा मावळात आजही टिकून आहे, असं मी कॅलरीरावांकडे बघून म्हणतो. फक्त आसन तेवढं प्लॅस्टिकचं झालंय.

वहिनींचा मात्र या शास्त्रावर विश्वास नाही. "ते घड्याळ घालून एकदा घरातली फरशी पुसून दाखवा," असं त्या म्हणाल्या, तेव्हा घड्याळ नेमकं चार्जिंगला लावलेलं होतं.

खरी गंमत परतीच्या वाटेवर. ६११ कमावल्याच्या आनंदात कॅलरीराव लोणावळ्यात गाडी थांबवतात आणि शेंगदाण्याच्या चिक्कीचं पाकीट गाडीतच फोडतात. शंभर ग्रॅम चिक्कीत साडेचारशे ते पाचशे कॅलरी. खंडाळा यायच्या आत पाकीट संपतं. आणि यांचं घर तर उलट्या दिशेला, तळेगावात!

तेव्हा मंडळी, खेळा, खुशाल खेळा. पण बसलात की घड्याळालाही बसवा, थांबवायचं बटण त्यासाठीच दिलंय. आमच्या वयाच्या, आमच्या वजनाच्या माणसाचा टर्फवरचा एक तास म्हणजे चिक्कीच्या छोट्या दोन वड्या. तिसरी हवी असेल तर पुढच्या रविवारी एक धाव जास्त काढायची. रनआउटवर भांडून ती मिळत नाही.