उलटीचा भाव

‘व्हेल माशाची कोट्यवधींची उलटी जप्त, तिघे ताब्यात.’ कोकणपट्टीतल्या वर्तमानपत्रांत ही बातमी इतक्यांदा येते की मथळा जुळवूनच ठेवला असावा. मजकूरही पाठ झालाय. खबऱ्याची टीप, महामार्गावर सापळा, संशयास्पद हालचाली, पाठीवरची सॅक. फोटोत टेबलामागे ओळीनं पोलिस, टेबलावर एक मळकट गोळा, भाव किलोला कोटीच्या घरात. गोळा बहुधा प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो. पिशवीकडे कोणी बघत नाही.

आधी नावांचा घोळ निस्तरू. व्हेल हा मासा नव्हे, पिलाला दूध पाजणारा प्राणी आहे. आपण त्याला देवमासा म्हणून एका दमात दोन पदव्या दिल्या, दोन्ही चुकीच्या. आणि उलटी ही उलटी नव्हे. स्पर्म व्हेल माकुळं खातो. माकुळाची चोच पोपटासारखी कडक, ती पचत नाही. बहुतेक चोची तो ओकून टाकतो. या खऱ्या उलटीला बाजारात कवडीचा भाव नाही. थोड्या चोची चुकून आतड्यात उतरतात, त्यांच्यावर मेणचट पुटं चढत जातात आणि अंबर तयार होतं. तेही शंभरातल्या एखाद्याच्याच पोटात. ते बाहेर पडतं ते, बहुतेक शास्त्रज्ञांच्या मते, मागल्या दारानं. अत्तराच्या नादात लोक नक्की कशाचे कोटी मोजतात, हा विषय जेवणाआधी नको.

देवमाशाच्या पोटातून काय निघतं याबद्दल आपण इतके जागरूक. आत काय जातं, याचा भाव अजून कोणी काढलेला नाही.

माल मात्र भरपूर आहे. नोव्हेंबर 2018 मध्ये इंडोनेशियाच्या वाकाटोबी राष्ट्रीय उद्यानात साडेनऊ मीटरचा एक स्पर्म व्हेल मरून किनाऱ्याला लागला. पोटातल्या ऐवजाची यादी झाली: प्लॅस्टिकचे पेले 115, पिशव्या 25, बाटल्या 4, चपला 2, नायलॉनचं पोतं 1, दोरीचे तुकडे हजारावर. वजन 5.9 किलो. आपल्याकडच्या बारशाच्या दुसऱ्या दिवशी हॉलमागे जे पडलेलं असतं तेच, फक्त चपला आपण घरी नेतो. शरीर इतकं कुजलं होतं की मृत्यू यानंच झाला का, हे सांगता आलं नाही. संशयाचा फायदा पेल्यांना मिळाला.

पुढच्याच मार्चमध्ये फिलिपिन्सच्या दावाओ आखातात तोही फायदा उरला नाही. तिथला प्राणी कुव्हिएचा चोचवाला व्हेल. याच्या जातीनं जवळपास 3 किलोमीटर खोल बुडी मारल्याची नोंद आहे, सस्तन प्राण्यांत याहून खोल कोणी गेलेलं नाही. याच्या पोटात 40 किलो प्लॅस्टिक, त्यात तांदळाची 16 पोती. पोती रिकामी होती, पोट भरलेलं होतं, आणि जीव भुकेनं गेला. तहानेनंही. व्हेल समुद्राचं पाणी पीत नाही, त्याला लागणारं पाणी भक्ष्यातून मिळतं. भक्ष्याला जागा नाही, म्हणजे पाणीही नाही. समुद्रात राहून तहानेनं मरायची सोय आपण करून ठेवली आहे.

माझ्या डोक्यात रुतून बसलाय तो स्पेनचा. 2012 साली ग्रनाडाच्या किनाऱ्यावर मेलेल्या स्पर्म व्हेलच्या पोटात सुमारे 17 किलो प्लॅस्टिक सापडलं आणि पोट फाटलेलं होतं. त्यात बरंचसं हरितगृहांवर ताणतात ते पारदर्शक पापुद्रे, शिवाय कुंड्या आणि पाण्याचा पाइप. जवळच अल्मेरियात टोमॅटो, काकड्या, मिरच्यांची एवढी हरितगृहं आहेत की अवकाशातून तो भाग पांढरा दिसतो. युरोप बारमाही कोशिंबीर खातो, आणि तिचं आच्छादन देवमासा.

हसू नका. आपल्याकडे याच वस्तूला ‘कागद’ म्हणतात. शेततळ्याचा कागद, टोमॅटोच्या वाफ्यावरचा मल्चिंग पेपर. पेपर म्हटलं की कसं सात्त्विक वाटतं, जणू चार पावसांत मातीत मिसळून जाईल. हंगाम संपला की तो फाटका कागद बांधावर, बांधावरून ओढ्यात. ओढा कुठे जातो, हे पाचवीच्या भूगोलात आहे. मासा नाही तो देवमासा, उलटी नाही ती उलटी, आणि कागद नाही तो कागद. बारसं करण्यात आपला हात कोणी धरणार नाही.

पण एवढा मोठा मेंदू असलेला प्राणी पिशवी खातोच कसा? जगातला सगळ्यात मोठा मेंदू याच स्पर्म व्हेलचा. झालंय असं की किलोमीटरभर खाली उजेड नसतो. तिथे तो टकटक आवाज सोडतो आणि प्रतिध्वनीवरून माकूळ ओळखतो. ड्यूक विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी किनाऱ्यावर सापडलेल्या पिशव्या, दोरखंड, फुगे समुद्रात उतरवून त्यांचे प्रतिध्वनी मोजले. 2024 साली आलेला निष्कर्ष असा: हे प्लॅस्टिक आवाजाला भक्ष्यासारखंच भासतं, कधी त्याहून ठळक. लाखो वर्षं जो कान चुकला नाही, त्याला पिशवीनं चकवलं. आपल्याला तर दिवसाढवळ्या, डोळे उघडे असताना पिशवीवर छापलेलं ‘इको फ्रेंडली’ चकवतं.

बरं, त्याचं पोट चार कप्प्यांचं, गाईसारखं. आणि आपल्या मंडईबाहेरच्या गाईच्या पोटातून शस्त्रक्रियेत काय निघतं ते गुरांच्या डॉक्टरांना विचारा. एका जनावराला आपण माता म्हणतो, दुसऱ्याला देव. दोघांनाही नैवेद्य एकच.

बंदी आहेच. महाराष्ट्रानं ती 2018 सालीच आणली. पहिल्यांदा सापडलात तर 5000 रुपये दंड, दुसऱ्यांदा 10,000, तिसऱ्यांदा 25,000 आणि तीन महिने कैद. आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यानं तिचा धसका घेतला होता, पंधरा दिवस. आता पिशव्यांचा गठ्ठा टोपलीच्या वर नसतो, खाली असतो. यालाच अंमलबजावणी म्हणतात. महामार्गावर सापळा मात्र अजून अंबरासाठीच लागतो.

रविवारी हे सगळं डोक्यात घोळवत, हातात रिकामी कापडी पिशवी घेऊन मासळीबाजारात गेलो. माकुळं ताजी होती, पांढरीशुभ्र, झुळझुळीत. खरं सांगायचं तर पाण्यात तरंगणाऱ्या पिशवीसारखीच दिसत होती. अर्धा किलो घेतली. मावशीनं साफ केली, चोची काढून बादलीत टाकल्या आणि मी कापडी पिशवी उघडेपर्यंत माकुळं काळ्या पिशवीत गेलीसुद्धा.

“पानी गलंल,” ती म्हणाली, “आजून एक लावू?”

पँट इस्त्रीची होती. “लावा,” मी म्हटलं.