अण्णा : एक परिचय

मिल्टन कीन्स, इंग्लंड

ती. दादा व सौ. वहिनी यांस, सा. न. वि. वि.

अण्णा हे नेरळचे ट्रकचालक. आधी क्लीनर, मग चालक आणि शेवटी कर्जावर घेतलेल्या जुन्या टाटाचे मालक, असा त्यांचा चढता क्रम. ट्रकवाल्याने नेरळला राहावे हीच मुळात गंमत. गावाच्या डोक्यावरच्या माथेरानात मोटारींना बंदी आहे. गाड्या दस्तुरी नाक्याच्या पुढे जात नाहीत. लग्नानंतर अण्णा आईला घेऊन वर गेले ते १९०७ साली सुरू झालेल्या झुकझुक गाडीने. वीसेक किलोमीटरला दोन तासांवर वेळ लागला. आई कंटाळली. घाटात एवढाच वेग बरोबर, असे अण्णांचे मत पडले.

भट्टीच्या विटा हे त्यांचे मुख्य भाडे. पावसात भट्ट्या बंद, त्यामुळे वडील म्हणून ते प्रत्यक्ष उपलब्ध असत ते पावसाळ्यात. एप्रिलचे प्रगतिपुस्तक जूनमध्ये तपासले जाई आणि शिक्षाही तेव्हाच होई.

एरवी मिळेल तो माल घेऊन कर्जत, खोपोली, बोरघाट. ज्या गियरमध्ये घाट चढायचा त्याच गियरमध्ये उतरायचा, हा त्यांचा पहिला नियम. उतारावर इंजिनाने गाडी धरून ठेवली नाही तर सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर दगा देतात. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर गाडी सोडणाऱ्या एका चांगल्या कमावत्या मुलाचे ताईसाठी आलेले स्थळ त्यांनी याच कारणाने परत पाठवले. टायरची हवा ते पान्याने ठोकून, आवाजावरून सांगत. निवृत्तीनंतर ही विद्या बाजारातल्या कलिंगडांवर चालली.

बोरघाटाची वाट इंग्रजांना दाखवली ती शिंग्रोबा धनगराने, अशी आख्यायिका आहे. जुन्या रस्त्यावरच्या त्याच्या देवळापाशी चालक नाणे टाकतात. २००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला तरी अण्णा रिकामी गाडी मुद्दाम जुन्या रस्त्याने आणत. पुढे फास्टॅग आला तेव्हा शिंग्रोबाकडे तो चालत नाही, याचे त्यांना समाधान होते. मुंबईची जकात २०१७ साली गेली, तेव्हा मात्र ते हळहळले. नाक्यावरच्या रांगेइतकी सलग झोप त्यांना घरीही मिळाली नव्हती.

कुटुंबवत्सलतेचा लेखी पुरावा ट्रकवरच होता. कपाळावर आई एकवीरा, तिच्याखाली थोरल्याचे नाव, मागच्या फाळक्यावर ताईचे. धाकटा जन्मला तेव्हा जागा संपली होती. त्याचे नाव डिझेलच्या टाकीवर आले. तो सध्या इंग्लंडात असून त्याची तक्रार प्रलंबित आहे.

इंग्लंडभेटीत अण्णा पुढच्या सीटवर बसून दोन्ही पायांनी ब्रेक दाबत. मिल्टन कीन्सला चौकाचौकात वर्तुळे आहेत. ती ओलांडून झाल्यावर गाव कधी लागणार, असे त्यांनी विचारले. कोणी हॉर्न वाजवत नाही म्हणजे सगळ्यांचे बिघडले असावेत, हा त्यांचा पहिला निष्कर्ष. इथे साडेचार तास गाडी चालवल्यावर ट्रकचालकाला पाऊण तास थांबावेच लागते आणि त्याची नोंद यंत्र ठेवते, हे कळल्यावर ते म्हणाले, "आपल्याकडं हे काम चहावाला करतो." पण त्या रात्री त्यांनी तो नियम पुन्हा एकदा नीट समजावून घेतला आणि आपल्या काळी तो असता तर कोण कोण वाचले असते, त्यांची नावे घेतली. ती बरीच होती.

वर्षश्राद्धाच्या पुस्तिकेसाठी मागितलेला मजकूर एवढाच. सोबत एक विनंती : स्टुडिओत उसना कोट घालून काढलेला फोटो छापू नये. ट्रकला टेकून उभे असलेला छापावा. त्यात टाकीवरचे नाव स्पष्ट दिसते.

कळावे,
धाकटा व कुटुंब