पुढची भेट चार वर्षांनी

साठी उलटल्यावर जर्मन शिकतेय म्हटलं की पुण्यात पहिला प्रश्न येतो, "मुलगा तिकडे असतो का?" नाही. "मग मुलगी?" तीही नाही. मुलगी कोथरूडला असते आणि तिथे अजून मराठीवर भागतं. इथपर्यंत आल्यावर विचारणाऱ्याचा चेहरा काळजीचा होतो. रिकाम्या वेळी बाईमाणसाने भजनी मंडळात जावं, फार तर सुडोकू सोडवावं. देअर-दी-दासच्या नादी कशाला लागावं? मलाही ते नीट सांगता येत नाही. आवडतं, एवढंच.

व्याकरणाचं एक वेळ निभतं. तीन लिंगांची आपल्याला जन्मापासून सवय असते. घोडं पेंड खातं ते शब्दांपाशी. सकाळी पाठ केलेले शब्द दुपारच्या चहापर्यंत टिकत नाहीत. यावर वर्गातल्या मुलांनी माझ्या फोनवर 'अंकी' घालून दिलं. जपानीत अंकी म्हणजे पाठांतर. डेमियन एल्म्स नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाने जपानी शिकताना २००६ साली ते बनवलं. फोनवर कार्ड येतं, त्यावर जर्मन शब्द. अर्थ मनात म्हणायचा, मग कार्ड उलटायचं आणि आठवलं की नाही हे आपलं आपणच सांगायचं. आठवलं तर तो शब्द तीन-चार दिवसांनी येतो, मग आठवड्याने, मग महिन्याने. विसरलं तर पुन्हा ओनामा.

आमच्या लहानपणी दिवेलागणीला परवचा असायचा. त्यात बेचा पाढा आणि एकोणतिसाचा पाढा यांना एकच न्याय होता. बेचा येत असला तरी रोज म्हणायचा, आणि एकोणतिसाचा येत नसला तरी रोज एकदाच, तोही मोठ्या बहिणीच्या आवाजात आवाज मिसळून. अंकीला ही समता मान्य नाही. जे येतं ते विचारण्यात त्याला रस नसतो. नेमकं विसरायच्या बेताला आलेलं असतं, ते ते विचारतं. आणि आवाज मिसळायला बहीण नसते.

या सगळ्याच्या मुळाशीही एक जर्मनच आहे, हे मला न्यायाचं वाटतं. ज्यांनी ही भाषा लोकांच्या माथी मारली त्यांनीच ती लक्षात कशी ठेवायची ते बघावं. हेर्मान एबिंगहाऊस असं त्या गृहस्थांचं नाव. त्यांनी स्वतःवरच प्रयोग केले. शब्दाला अर्थ असला तर तो आपोआप डोक्यात चिकटतो आणि मोजमाप बिघडतं, म्हणून त्यांनी सुमारे २३०० अक्षरगट बनवले, ज्यांतून काही अर्थ निघू नये. मग घड्याळाच्या टिकटिकीबरोबर, मिनिटाला १५० या वेगाने ते वाचून पाठ करायचे, काही वेळ जाऊ द्यायचा, आणि तीच यादी पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचले ते मोजायचं. वर्षानुवर्षं. शेजाऱ्यांनी काय समजूत करून घेतली असेल, कोण जाणे. १८८५ साली पुस्तक आलं. त्यातले आकडे माझ्यासारखीला धीर देणारे आहेत. वीस मिनिटांत ४२ टक्के कमाई गेलेली, एका दिवसात जवळजवळ दोन तृतीयांश. पण महिना लोटला तरी पाचवा हिस्सा शाबूत. म्हणजे गळती सुरुवातीलाच काय ती जोरात असते. दुसरी गोष्ट त्याहून कामाची. एकाच दिवशी ६८ वेळा घोकून जे साधलं, ते तीन दिवसांत विभागून ३८ वेळा घोकून साधलं. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्या तमाम मुलांच्या खोलीत हे दोन आकडे टांगायला हवेत.

नंतर सेबास्टियान लाइटनरने १९७२ मध्ये कप्प्यांच्या पेटीची युक्ती लोकांपुढे मांडली. बरोबर आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलेलं थेट पहिल्यात. मग पोलंडमध्ये प्योत्र वोझ्न्याक या विद्यार्थ्याने हे अंतराचं गणित आधी वह्यांमध्ये जमवलं आणि १९८७ मध्ये संगणकावर चढवलं. सगळे पुरुष, सगळे शिस्तीचे.

शिस्तीचं काम कठीण. उत्तरानंतर चार बटणं येतात: पुन्हा, अवघड, ठीक, सोपं. बघायला कोणी नसतं. "अगदी ओठांवर होतं, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली," असं स्वतःला सांगून 'ठीक' दाबायला कितीसा वेळ लागतो? काही शब्द मात्र अशा सवलतीलाही दाद देत नाहीत. आठ वेळा हातचं सुटलेल्या कार्डाला अंकी 'जळू' ठरवतं आणि बाजूला ठेवतं. युबरत्सॉयगन म्हणजे पटवून देणं आणि युबरराशन म्हणजे चकित करणं, या माझ्या दोन जळवा. एकमेकींसारख्या दिसतात म्हणून दोघी मिळून रक्त पितात.

पण खरी गंमत आहे ती सोप्या शब्दांची. लोफल म्हणजे चमचा. मला तो पहिल्यापासून आला, म्हणून दर खेपेला ऐटीत 'सोपं' दाबत गेले. एके दिवशी बटणाच्या वर आकडा दिसला: ४.२ वर्षं. चमच्याने मला चार वर्षांनंतरची वेळ दिली होती! या वयात इतक्या लांबची वेळ कोणी देत नाही. डॉक्टर तीन महिन्यांवर जात नाहीत. पेन्शनची बँक दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला मागते. अंकीने काही विचारलं नाही. चार वर्षांनी ही बाई असणार, सकाळी चहा घेऊन बसणार आणि चमच्याला काय म्हणतात ते सांगणार, हे त्याने गृहीतच धरलं. तेव्हापासून मी सोपे शब्द जरा जास्तच मन लावून करते. पुढच्या तारखा घेऊन ठेवते.

वर्गात माझ्या शेजारी बसते त्या नर्सला असल्या तारखा परवडत नाहीत. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून जर्मन शिकणाऱ्यांत अशी पोटापाण्याची मंडळी बरीच दिसतात. ती रात्रपाळी करून वर्गाला येते. अंकी आपणहून दिवसाला वीस नवे शब्द देतं, तिने तो आकडा पन्नासवर नेलाय. गौरी-गणपतीला गावी गेली आणि परतली तेव्हा उजळणीला इतकी कार्डं तुंबली होती की तिने फोन माझ्यापुढे धरून नुसताच उसासा टाकला. "काकू, तुम्हाला विसरायला वेळ आहे," ती म्हणाली.

तोंडी परीक्षा जोडीने असते, त्यामुळे सराव आम्ही दोघी करतो. ती नर्स, मी पेशंट. ती विचारते काय होतंय, आणि मी सुरू होते: गुडघा, मग कंबर, मग मान, कधीपासून, कोणत्या अंगावर झोपलं की जास्त. यातला एकही शब्द मी अंकीत घातलेला नाही. एबिंगहाऊसनी अर्थाला एवढं टाळलं, ते उगीच नव्हे. माइन क्नी टूट वे, हे वाक्य मी एकदा ऐकलं ते कायमचं. परवा मी असंच डाव्या खांद्यापर्यंत पोचले, तेव्हा तिने वही मिटली. म्हणाली, "काकू, पेशंटने इतकं बोलायचं नसतं. परीक्षा माझीपण आहे."