बटण एक, बारशी चार

टेक्स्ट एडिटरचं मॅन्युअल कोणी हौसेने वाचत नाही. काहीतरी अडलेलं असतं, पडद्यावर नको ते उमटलेलं असतं, एक हात कीबोर्डवर असतो आणि दुसरा कपाळावर. अशा माणसाला मॅन्युअलने कोणतं बटण दाबायचं तेवढं सांगावं, आणि दहाव्या पानावर ज्या नावाने सांगितलं त्याच नावाने शंभराव्या पानावरही सांगावं. मागणी एवढीच. ती किती अवघड आहे हे पाहायचं तर विम या एडिटरच्या मदतपानांतला बटणांच्या नावांचा तक्ता उघडावा. ओळ संपवायला आपण जे ऐसपैस बटण दाबतो ते तिथे 'सीआर' आहे, 'रिटर्न' आहे, 'एंटर' आहे, शिवाय कंट्रोलसोबत एम दाबलं तरी तेच. टंकयंत्राच्या माहेरचं नाव रिटर्न, संगणकाच्या सासरी तांदळात लिहिलेलं एंटर, आणि निम्मी मंडळी अजून माहेरच्याच नावाने हाक मारतात. शॉर्टकट बनवणाऱ्याने यातलं कुठलंही नाव लिहिलं तरी चालावं म्हणून विमने ही मुभा ठेवली आहे, आणि ती योग्यच आहे. पण मुभा वापरणाऱ्याला दिलेली आहे. मॅन्युअल लिहिणाऱ्यांनी ती परस्पर स्वतःकडे घेतली की घोळ सुरू होतो.

यावर हमखास ऐकू येतं, की वाचक काय दुधखुळा आहे का, संदर्भाने कळतंच. एंटरच्या बाबतीत कळतं, मान्य. आता 'डिलीट' घ्या. विंडोजच्या कीबोर्डवर हे बटण कर्सरच्या पुढचं अक्षर खातं. मॅकच्या कीबोर्डवर डिलीट असं छापलेलं बटण मागचं अक्षर खातं, म्हणजे ते इतरांचं बॅकस्पेस. ईमॅक्स या एडिटरच्या मॅन्युअलमध्ये तर 'डेल' म्हणजे बॅकस्पेस, आणि पूर्ण 'डिलीट' लिहिलं असेल तरच पुढचं अक्षर खाणारं बटण. संदर्भ इथे काय कपाळ सांगणार? ईमॅक्सची पद्धत या तिघांत सर्वांत विचित्र, तरी तिथे वाट चुकत नाही, कारण मॅन्युअल हे एकदा नीट सांगतं आणि मग शब्द फिरवत नाही. शिवाय वाचक संदर्भ ओळखेलही, पण शोधपेटी ओळखत नाही. ती नुसती अक्षरं जुळवते. एका पानावर 'बॅकस्पेस' आणि दुसऱ्यावर 'डेल' असेल, तर पहिला शब्द टाकून शोधणाऱ्याच्या लेखी दुसरं पान छापलेलंच नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: बटणावर जे छापलंय तेच लिहा. पण कोणाच्या बटणावर? ईमॅक्स १९७६ साली एमआयटीत जन्मला. त्या काळातल्या तिथल्या कीबोर्डांवर मेटा नावाचं बटण होतं. ते कीबोर्ड अडगळीत गेले, मेटा मॅन्युअलात राहिलं. आज 'एम-एक्स', म्हणजे मेटासोबत एक्स, असं वाचून मेटा शोधायला निघालेल्या माणसाला पीसीवर ऑल्ट सापडतं, मॅकवर सहसा ऑप्शन. छापील शब्दाचाच हट्ट धरला तर प्रत्येक वाक्य दोनदा लिहावं लागेल. त्यापेक्षा मेटा बरं. ते कोणाच्याच कीबोर्डावर नसल्यामुळे सगळ्यांना सारखंच परकं आहे. क्रियांच्या नावांचंही तेच. विममध्ये 'यँक' म्हणजे कॉपी, ईमॅक्समध्ये 'यँक' म्हणजे पेस्ट. दोन्ही मॅन्युअलं आपापल्या घरात अगदी शब्दाला जागतात. भांडण लागतं ते एकच माणूस दोन्ही एडिटर वापरतो तेव्हा, आणि तो दोष त्याच्या धाडसाचा.

खरी मौज चिन्हांत आहे. 'कंट्रोल+एस' मधला एस रोमन लिपीत कॅपिटल छापतात, पण शिफ्ट दाबायची नसते, हे नवख्याने म्हणे आपोआप ओळखायचं. ब्राउझरमध्ये मजकूर मोठा करायला 'कंट्रोल++'. यातलं पहिलं अधिक म्हणजे 'सोबत' आणि दुसरं म्हणजे बटण. ईमॅक्सने अधिकाऐवजी आडवी रेघ घेऊन सुटका करून घेतली असं वाटतं न वाटतं तोच 'सी--', म्हणजे कंट्रोलसोबत उणे, समोर येते. कमांडला उणे आकडा देण्यासाठी ती खरोखर वापरतात. व्हीएस कोड या एडिटरमध्ये बटणांची एक जोडी दाबून सोडायची आणि मग दुसरी दाबायची, याला 'कॉर्ड' म्हणतात. सूर एकदम वाजले तर ती कॉर्ड. एकामागून एक वाजले तर पेटीवाला त्याला कॉर्ड म्हणणार नाही. असो. व्हीएस कोड निदान सगळीकडे कॉर्डच म्हणतो, तेव्हा माझी तक्रार मागे.

बटणांच्या नावांच्या या घोळावर ईमॅक्सने एक नामी तोड काढली आहे. कमांडच्या वर्णनात लेखकाने बटणाचं नाव लिहायचंच नाही. ठरावीक खुणेत कमांडचं नाव लिहायचं, आणि वाचक ते वर्णन उघडेल तेव्हा त्याच्या सेटिंगप्रमाणे बटण तिथे आपोआप भरलं जातं. छापील पानाला ही सोय नाही. तिथे कोणीतरी एकाने ठाण मांडून शेवटच्या तळटिपेपर्यंत सगळं तपासायचं असतं, आणि त्या माणसाला कचेरीत किरकिऱ्या म्हणतात.