प्रकरण विचाराधीन

माझ्या मुलीच्या बारशाचे फोटो नानांनी काढले. ती आता दुसरीत आहे. फोटो अजून यायचेत.

वाट बघायची मला सवय आहे, मी डोंबिवलीत राहतो. पण गाडी निदान किती मिनिटांत येणार ते फलाटावर लिहिलेलं तरी असतं. नानांचं तसं नाही. "एडिट केल्याशिवाय फोटो हातातून सोडायचा नाही" हे त्यांचं तत्त्व. एडिट करायला चांगलं मशीन हवं. आणि ते मशीन डेस्कटॉप घ्यायचं की लॅपटॉप, हे जानेवारी २०१९ पासून ठरतंय. तोवर ४१२ फोटो, पाळण्याची दोरी धरलेल्या माझ्या आत्येसकट आणि घुगऱ्या वाटणाऱ्या आईसकट, नानांच्या घरी पोळ्यांच्या जुन्या डब्यात आहेत. खरंच डब्यात. डोंबिवलीच्या पावसाळ्यात काचेला बुरशी लागते, म्हणून लेन्स, कॅमेरा आणि तीन हार्ड डिस्का असा ऐवज स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवलेला असतो. कुणी पाहुणा आला आणि काकूंनी चुकून तो डबा उघडला, तर चहाबरोबर टेलिफोटो लेन्स येते.

असे एक नाना हल्ली प्रत्येक सोसायटीत असतात. निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या महिन्यात यांच्या अंगावर चौदा खिशांचं जाकीट येतं आणि गळ्यात कॅमेरा. सोसायटीच्या झेंडावंदनाला हे झेंड्याच्या दोरीचाही क्लोजअप घेतात. यांच्यात दोन पोटजाती आहेत. पहिली जात आधी घेते आणि मग हळहळते. दुसरी अभ्यास करते. पहिल्या जातीचे फोटो वाईट असतात, पण बघायला मिळतात.

आमचे नाना दुसऱ्या जातीचे. चौतीस वर्षं बँकेत काढलेली. दुसऱ्याची सही झाल्याशिवाय स्वतःची करायची नाही, या शिस्तीत आयुष्य गेलेला माणूस एकट्याच्या सहीवर लाखाचा खर्च मंजूर कसा करणार? त्यांनी एक लांबट वही घातली आहे. डावीकडे डेस्कटॉप, उजवीकडे लॅपटॉप, जमा-नाव्यासारखी. डेस्कटॉपच्या बाजूला लिहिलंय : तेवढ्याच पैशात जास्त ताकद, मोठा पडदा, आत हवा खेळते, रॅम पुढेमागे वाढवता येते. लॅपटॉपच्या बाजूला : वीज गेली तरी चालतो, कासला नेता येतो, त्याच संध्याकाळी कार्ड रिकामं करता येतं. खाली पुन्हा बारीक अक्षरात : बऱ्याच पातळ लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डला डागलेली असते, आज घेतली तेवढीच जन्मभर. मग लगेच डावीकडे : यूपीएसची बॅटरी दर दोन-तीन वर्षांनी बदला. दर महिनाअखेर नाना दोन्ही बाजूंची बेरीज करतात आणि दोन्ही बाजू जुळतात. अडचण तीच आहे. वही जुळली की बँकेतला माणूस समाधानाने चष्मा काढून ठेवतो आणि घरी जातो.

एकदाच वहीत तूट आली होती. नानांचा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे एका फोटोत २ कोटी ४० लाख ठिपके. साध्या फुल एचडी पडद्यावर ठिपके मावतात जेमतेम २० लाख. "म्हणजे बारातला एकच भाग मी बघतोय," नाना जिन्यात मला म्हणाले, "बाकीचे अकरा गेले कुठे?" मी म्हटलं, नाना, ते कुठेही जात नाहीत, फोटो मोठा करून बघितला की एकेक तुकडा दिसतो. त्यांचं समाधान झालं नाही. बँकेत एवढी तूट निघाली असती तर शाखाधिकारी निलंबित झाला असता.

तरी २०२० च्या दिवाळीपर्यंत काटा डेस्कटॉपकडे झुकला होता, हे मान्य केलं पाहिजे. कारण सरळ होतं. लॅपटॉप तापतो, आणि तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. मे महिन्यात डोंबिवलीत माणसंही तेच करतात. नानांनी कोटेशन मागवलं. पेन उघडलं. आणि नोव्हेंबरात ॲपलने स्वतःची एम-वन चिप घातलेले लॅपटॉप काढले. त्यातल्या हलक्या मॉडेलात पंखाच नव्हता. "पंखाच नाही रे!" नाना दोन मजले उतरून सांगायला आले. आवाजात आनंद होता की शोक, सांगता येणार नाही. नवी वही आणली गेली.

पण नानांना खरा ग्रहयोग आला तो फ्लेमिंगोपायी. ठाण्याची खाडी २०२२ मध्ये रामसर यादीत गेली, त्यानंतरच्या हिवाळ्यात नाना ऐरोलीहून बोटीने जाऊन आले. पक्षी सुंदर टिपले होते, खोटं कशाला बोलू. मुलाने हिंजवडीहून टाकून दिलेला एक जुना लॅपटॉप घरात होता, त्यावर आम्ही बघायला बसलो. नाना खुर्चीत, मी शेजारी उंच स्टुलावर.

"काय गुलाबी आहे बघ!"

मला पांढरा दिसत होता. मी तसं म्हटलं. नानांनी माझ्याकडे मोतीबिंदू झालेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं, उठून माझ्या जागी उभे राहिले आणि गप्प झाले. पडदा जुन्या, स्वस्त, टीएन जातीचा. समोरून बघा, एक रंग; वरून बघा, दुसरा. नाना बसले की फ्लेमिंगो, उठले की बगळा. बसले, फ्लेमिंगो. उठले, बगळा. पुढची दहा मिनिटं पासष्ट वर्षांचा तो गृहस्थ एका पक्ष्यासाठी उठाबशा काढत होता. मग त्यांनी पडदाच मागेपुढे कलवून बघितला. तेव्हा पक्षी काळपट पडला आणि खाडी चांदीची झाली.

आवाज कसला म्हणून काकू ओल्या हातानेच बाहेर आल्या. पडद्याकडे एकदा बघून म्हणाल्या, "अहो, गुलाबी काय म्हणताय? अबोली आहे तो. माझ्या सुनेच्या डोहाळजेवणाच्या साडीसारखा."

"अबोली म्हणजे नक्की किती? त्याचा आकडा काय?"

"साडीचा विचारताय का? साडेतीन हजार."

या देशात निम्म्या लोकसंख्येला राणी, डाळिंबी, आमसुली, मोरपंखी आणि चिंतामणी यांतला फरक ट्यूबलाइटमध्येसुद्धा कळतो. दुकानदाराला त्या साडी बाहेर उजेडात धरायला लावतात. हेच शास्त्र आहे. उरलेल्या निम्म्यांना पडद्यावर उलट्या वाटीसारखं लटकवायचं एक यंत्र लागतं. ते पडद्याचे रंग मोजतं आणि पडदा कुठे खोटं बोलतोय ते संगणकाला सांगतं. नानांनी ते घेतलं. घेतलं याचं मला नवल वाटलं, तेव्हा त्यांनी नियम सांगितला : "दोन्हींना चालेल ते घ्यायला हरकत नाही."

या नियमाने नानांच्या खोलीत आता कार्ड रीडर आहे, माउस आहे, पांढऱ्या उजेडाचा दिवा आहे, कमरेला आधार देणारी खुर्ची आहे, टेबल आहे. भिंतीला करडा रंग दिलाय, रंगीत भिंतीने डोळे फसतात म्हणून. मखर तयार आहे, आरास झाली आहे. मूर्ती तेवढी यायची आहे.

माझं मत विचाराल तर यात अवघड काही नाही. घरात बसून काम करणाऱ्याने डेस्कटॉप घ्यावा आणि निम्मे पैसे पडद्यात घालावेत, कारण रंग दाखवतो पडदा, डबा नाही. ज्याचं काम गावोगावच्या मंगल कार्यालयांत चालतं त्याने लॅपटॉप घ्यावा. दोन्ही करायचं असेल तर लॅपटॉपला घरी मोठा मॉनिटर जोडावा. हे मी नानांना एकदा सांगून बघितलं. वहीला दोनच बाजू असतात, तिसरी कुठे काढायची, या विचाराने त्यांनी माझ्याशी आठवडाभर अबोला धरला.

स्टेशनजवळच्या स्टुडिओतला पोरगा मात्र काही ठरवत बसलेला नाही. त्याच्या डेस्कटॉपच्या कॅबिनेटची एक बाजू कायमची उघडी, समोर टेबलफॅन. मॉनिटरच्या कोपऱ्यात कुंकवाचं बोट. चार बाय सहाच्या कागदावर आठ पासपोर्ट फोटो, मधूनच करिझ्मा अल्बमचं बारा बाय छत्तीसचं शीट, मध्येच आधारची झेरॉक्स, सगळं त्याच एका डब्यावर. नाना त्याला विचारायला गेले होते : तुझा पडदा किती टक्के रंग दाखवतो?

"नाना, नवरी गोरी दिसली की अल्बम पास," तो म्हणाला, आणि एका नवरीला त्यांच्यादेखत पास केलं.

नाना खिन्न होऊन परतले. त्या रात्री त्यांनी फोटोशॉपचा इतिहास वाचला. दुसऱ्या दिवशी दूध घ्यायला मी खाली गेलो तर वाटेतच गाठलं. फोटोशॉप बाजारात आलं १९९० साली. नोल आडनावाच्या दोघा भावांची ती करामत. थोरल्याने सुरुवात केली ती मॅकिंटॉश प्लसवर, नऊ इंची कृष्णधवल पडद्यावर. करड्या छटा त्या पडद्याला धड दाखवता येईनात म्हणून त्याने प्रोग्राम लिहायला घेतला, तेच पुढे फोटोशॉप झालं. मला वाटलं, आता नानांना उपरती होणार. नऊ इंचात जगाचे फोटो सुधारणारी वस्तू जन्मली, तर आपलं एवढ्यावरून काय अडलंय, असं काहीतरी म्हणतील.

"आणि गंमत काय," नाना म्हणाले, "त्या मॅकिंटॉशला उचलायला वर खाच होती. मग तो डेस्कटॉप म्हणायचा का लॅपटॉप?"

दर दोन-तीन महिन्यांनी ते लॅमिंग्टन रोडला जातात. ग्रँट रोडला उतरून रस्ता विचारताना ते त्याला आवर्जून डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणतात, त्यामुळे कधीकधी पोचत नाहीत. पोचले तर तिथल्या बोळासारख्या दुकानांत त्यांना सगळे ओळखतात. ज्या शेठशी पहिली बोलणी झाली त्याचा मुलगा आता गल्ल्यावर बसतो. नाना भाव विचारतात, जीएसटी धरून की सोडून ते विचारतात, दोन्ही आकडे लिहून घेतात. "अंकल, लेना कब है?" असं पूर्वी विचारायचे, आता चहा सांगतात.

गेल्या महिन्यात मी धीर केला. शाळेत मुलांचे लहानपणीचे फोटो लावायचे होते, आणि बारशाचे आमच्याकडे होते ते मेव्हण्याच्या मोबाइलमधले, ज्यात बाळापेक्षा त्याचा अंगठा जास्त आला आहे. मी वर गेलो आणि म्हटलं, नाना, राहू दे एडिटिंग. जसे आहेत तसे द्या.

नाना बराच वेळ गप्प होते. मग डबा उघडला, सिलिका जेलच्या पुड्या बाजूला केल्या आणि एका पेन ड्राइव्हवर सगळे ४१२ उतरवून दिले. दहा जीबीच्या वर भरले. देताना त्यांचा हात किंचित मागे आला, लेकीची पाठवणी करताना येतो तसा.

घरी येऊन मुलीला मांडीवर घेतलं, बायकोला हाक मारली, आईला चष्मा लावायला सांगितला आणि पेन ड्राइव्ह लावला. पडद्यावर ४१२ पांढरे चौकोन आले. सगळ्या रॉ फाइली. आमच्या दहा वर्षं जुन्या संगणकाने त्यातली एकही उघडली नाही. चौथ्या प्रयत्नाला तो स्वतःच बंद पडला.

मी तसाच वर गेलो. नानांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा एवढा उजळलेला मी पाहिला नव्हता.

"अरे, मग तुलाच नवं मशीन घ्यावं लागेल," ते म्हणाले आणि वही उघडली. "आता मला सांग, तू फिरतीवर किती असतोस?"

येत्या शनिवारी सकाळी ८.१२ च्या फास्टने आम्ही लॅमिंग्टन रोडला चाललो आहोत.